आई-बाबांचं, बायकोचं, भावाचं ग्रीन कार्ड : सुरुवात कुठून करायची?

शनिवारी सकाळी भारतातून फोन येतो, तब्येतपाण्याची चौकशी होते आणि मग "अरे, जरा एक विचारायचं होतं" म्हणत काका मुद्द्यावर येतात. धाकट्याला अमेरिकेत बोलावून घेता येईल का? इथल्या मंडळाच्या गणपतीतही आरती संपून प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी हाच विषय काढतं. माझ्या आई-वडिलांचे अर्ज मी स्वतः भरले, एकदा चुकलो, आणि नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांच्या फायली त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून चाळल्या. मी वकील नाही. पण इतक्या फायली पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. फॉर्म भरायला दोन-तीन संध्याकाळी पुरतात. गाडी अडते ती साताऱ्याच्या नाहीतर जळगावच्या कपाटातल्या कागदांवर. म्हणून या लेखात फॉर्मपेक्षा कपाटाबद्दल जास्त लिहिलंय.

फी आणि तारखा २०२५ मधल्या आहेत. त्या बदलत राहतात, तेव्हा अर्ज पाठवायच्या दिवशी यूएससीआयएस, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशन सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या.

पायरी १ : नातं कुठल्या रांगेत बसतं ते पाहा

अर्ज करणारा अमेरिकेत आहे एवढ्यानं काही होत नाही. तो नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे की एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे, यावर सगळं अवलंबून आहे. एच-१बीवाल्याला कुटुंबातल्या कुणासाठीही ग्रीन कार्डचा कौटुंबिक अर्ज करता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला फक्त नवरा-बायको आणि अविवाहित मुलांसाठी करता येतो. आई-वडिलांसाठी आणि भावंडांसाठी अर्ज करायचा तर नागरिकच असावं लागतं, तेही २१ वर्षं पूर्ण झालेलं. "मला ग्रीन कार्ड मिळालं, आता आईला बोलावतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय, आणि दर वेळी समोरच्याचा उत्साह मोडायचं काम माझ्याकडे आलंय.

नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना कायद्यात 'जवळचे नातेवाईक' म्हणतात. यांच्यासाठी वार्षिक कोटा नाही. जो वेळ जातो तो कागद तपासण्यात आणि मुलाखतीची वाट पाहण्यात. बाकी सगळ्यांना रांग आहे. तिचे वर्ग एफ१, एफ२ए, एफ२बी, एफ३ आणि एफ४ अशा नावांनी ओळखले जातात:

एफ१ : नागरिकाची २१ वर्षांवरची अविवाहित मुलं.
एफ२ए : ग्रीन कार्डधारकाचे नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं.
एफ२बी : ग्रीन कार्डधारकाची २१ वर्षांवरची अविवाहित मुलं.
एफ३ : नागरिकाची विवाहित मुलं.
एफ४ : नागरिकाचे भाऊ-बहीण.

एफ४ मध्ये साऱ्या जगासाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला कौटुंबिक आणि नोकरीच्या व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत असा नियम आहे. भारताची रांग लांबते ती यामुळे. अर्ज ज्या दिवशी खात्यात पोचतो ती तुमची प्रायॉरिटी डेट. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात तुमच्या वर्गाची आणि देशाची तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली की तुमचा नंबर लागला. २०२५ मध्ये भारतातल्या भावंडांसाठी ही तारीख २००६ मध्ये होती. म्हणजे अर्ज भरताना पाळण्यात असलेला पुतण्या नंबर लागेपर्यंत कॉलेजात गेलेला. शिवाय ही तारीख कधीकधी मागेही सरकते. त्याला रेट्रोग्रेशन म्हणतात, आणि आमच्याकडे त्या महिन्यात कुणी कुणाला फोन करत नाही.

म्हणून भावासाठी अर्ज करावा का असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, करा. पण भावाला सांगा की नोकरी, घर, मुलांच्या शाळा यांतलं काहीही या अर्जावर ठरवू नकोस. अर्ज टाका आणि विसरा.

दोन गोष्टी इथंच सांगून टाकतो, कारण त्या उशिरा कळल्या की फार लागतात.

पहिली लग्नाची. ग्रीन कार्डधारक बापानं एफ२बीमध्ये मुलासाठी अर्ज केला आणि बाप नागरिक व्हायच्या आत मुलाचं लग्न झालं, तर अर्ज आपोआप संपतो, कारण ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. बाप आधी नागरिक झाला असेल तर तोच अर्ज एफ३मध्ये जातो. रांग लांबते, पण तारीख जात नाही. तेव्हा पत्रिका जुळवताना बापाच्या नागरिकत्वाची तारीखही पाहावी. गुरुजी काही सांगणार नाहीत.

दुसरी वयाची. मूल २१ चं झालं की ते 'मूल' राहत नाही. २००२ च्या एका कायद्यानं थोडा आधार दिला आहे. नागरिकाच्या मुलाचं वय आय-१३०, म्हणजे नातेवाईकासाठीचा मूळ अर्ज, दाखल झाल्याच्या दिवशीच गोठतं. रांगेतल्या वर्गांत मात्र वजाबाकी करावी लागते. नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून आय-१३० मंजूर व्हायला जितका काळ लागला तितका वजा करायचा. उरलेलं वय २१ च्या आत आलं तर मूल वाचलं, पण त्यानं पुढच्या एका वर्षात हालचाल करायला हवी. गंमत अशी की खात्यानं अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात ठेवला असेल तर तोच उशीर पुतण्याच्या कामी येतो. ही वजाबाकी स्वतः करा, पण उत्तर काठावर आलं तर वकिलाकडे जा. काठावर चूक परवडत नाही.

पायरी २ : आई-बाबांना खरंच हवंय का, हे त्यांना विचारा

ही पायरी कुठल्याच फॉर्ममध्ये नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

ग्रीन कार्ड म्हणजे दहा वर्षांचा व्हिसा नव्हे. ते अमेरिकेत कायम राहायची परवानगी आहे, आणि कायम राहणं हे त्यात गृहीत आहे. आई-बाबांना कोथरूडचा फ्लॅट, सकाळची टेकडी आणि भिशीतल्या मैत्रिणी सोडायच्या नसतील, वर्षातले चार-पाच महिने नातवंडांपाशी काढायचे असतील, तर त्यांना बी१/बी२ हा पर्यटक व्हिसाच पुरतो. ग्रीन कार्ड घेऊन वर्षातले आठ-नऊ महिने पुण्यात राहिलं की विमानतळावरचा अधिकारी कधीतरी विचारणारच: तुमचं घर नेमकं कुठं? सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की प्रश्न वाढतात. एक वर्ष किंवा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, आय-१३१ भरून री-एंट्री परमिटसाठी अर्ज करावा लागतो.

पैशांचंही बघा. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. बाबांची पेन्शन, बँकेतल्या एफडीचं व्याज, गाळ्याचं भाडं, सगळं. परदेशातल्या खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचं वेगळं विवरण भरावं लागतं. भारतात ते अनिवासी ठरतात, तेव्हा बँकेत कळवून खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची, करून घ्यावी लागतात, आणि नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर आधीपासून असलेली जमीन राहते. आजारपणाचं तर विचारूच नका. ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा पैसे भरूनही घेता येत नाही. तोवर खाजगी विम्याचा हप्ता तुमच्या खिशातून.

आणखी एक. आय-१३० दाखल झाला की "आम्हाला कायमचं यायचंय" हे सरकारी दप्तरात लिहून दिल्यासारखंच असतं. त्यानंतर पर्यटक व्हिसाचं नूतनीकरण मागितलं तर अधिकारी नाही म्हणू शकतो. धाकटीचं बाळंतपण तोंडावर आलेलं असताना आईचा बी२ संपत आला असेल, तर आधी काय करायचं ते शांतपणे ठरवा.

पायरी ३ : कपाट उघडा

आता खरं काम.

नातं सिद्ध करायला जन्माचे आणि लग्नाचे दाखले लागतात. आईसाठी अर्ज करत असाल तर तुमचा जन्मदाखला, ज्यावर आईचं नाव आहे. वडिलांसाठी असेल तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांच्या लग्नाचं प्रमाणपत्र. भावासाठी दोघांचे जन्मदाखले, आई-वडील समान असल्याचं दाखवणारे. ऐकायला सोपं. पण आमच्या पिढीचे दाखले पाहिलेत? अनेकांवर बाळाचं नावच नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. "पुरुष, वडिलांचं नाव अमुक" एवढंच. ते नाव त्याच कार्यालयात, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये, अर्ज करून चढवून घ्या.

आईच्या नावाचा किस्सा माझ्याच घरचा. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कुसुम. पासपोर्टवर सुनंदा. बाळंतपण आजोळी झालं, मामा नोंद करायला गेला आणि त्यानं बहिणीचं त्याला माहीत असलेलं नाव सांगितलं. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं होतं, आणि त्या नावबदलाची तांदळाशिवाय दुसरीकडे कुठंच नोंद नव्हती. मी दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगायची तसदी न घेता अर्ज पाठवून दिला. काही महिन्यांनी पुरावे मागणारं पत्र आलं, ज्याला इथं सगळे आरएफई म्हणतात. मग धावाधाव. आईचा शाळा सोडल्याचा दाखला, तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, मामाचं प्रतिज्ञापत्र, आणि आत्यानं पितळी डब्यातून शोधून काढलेली लग्नपत्रिका. त्यावर 'चि. सौ. कां. कुसुम' आणि दोन्हीकडच्या आजोबांची नावं छापलेली. काम त्या पत्रिकेनं केलं असं मला अजून वाटतं. हे सगळं पहिल्याच दिवशी अर्जासोबत पाठवलं असतं तर सहा महिने वाचले असते.

तुमच्याकडेही असं असेल तर दोन्ही नावं सांगणारं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. फॉर्मवर 'इतर वापरलेली नावं' अशी जागा असते. माहेरचं पूर्ण नाव तिथं न विसरता लिहा. नावबदल राजपत्रात प्रसिद्ध केलेला असेल तर त्या पानाची प्रत जोडा.

आता तारखेचं बघू. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, हे तुम्हाला माहीतच असेल. शाळेत नाव घालायला पोराला घेऊन आलेल्या आजोबांना तारीख आठवत नसली की मास्तर अंदाजानं वर्ष आणि १ जून लिहून मोकळे होत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, पॅनवर, पासपोर्टवर. ग्रामपंचायतीच्या जुन्या वहीत मात्र भाद्रपदातली खरी तारीख निघते. अशा वेळी मोह होतो की एखादा कागद 'सरळ करून घ्यावा'. करू नका. अर्जाच्या दोन महिने आधी दुरुस्त झालेला पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला अधिकाऱ्याच्या नजरेला पहिला खुपतो. दोन तारखा का आहेत हे प्रतिज्ञापत्रात सरळ सांगितलेलं जास्त पटतं. आणि बनावट कागदाचं तर बोलायलाच नको. फसवणूक एकदा नोंदली गेली की तो माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो.

जन्माची नोंदच नसेल तर? १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा येण्याआधी खेड्यापाड्यांत जन्मलेल्यांचं हे नेहमीचं. तिथल्या निबंधकाकडून नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्या. त्याला जोड म्हणून शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. ती सही करणारी माणसं जन्माच्या वेळी समजत्या वयाची असावीत. सत्तर वर्षांच्या वडिलांच्या जन्माची साक्ष साठ वर्षांच्या शेजाऱ्याकडून घेऊ नका. हसू नका, मी पाहिलंय. जिल्हादंडाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं उशिराची नोंद करून घेता येते, पण २०२५ पासून महाराष्ट्रात तिची छाननी बरीच कडक झाली आहे, आणि अमेरिकन अधिकारी तसंही ताज्या नोंदीला जुन्या नोंदीइतकं वजन देत नाही. कागदांवर भागत नसेल तर डीएनए चाचणी सुचवतात.

लग्नाचं प्रमाणपत्र हा त्यातल्या त्यात सोपा भाग. १९७४ साली दादरच्या कार्यालयात लागलेल्या लग्नाची नोंद आजही करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या वॉर्डात किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करायचा. पत्रिका, फोटो, साक्षीदार न्यावे लागतात. पन्नास वर्षं संसार केलेलं जोडपं 'वर-वधू' म्हणून रजिस्टरवर सही करतं, तेव्हा आई लाजते. फोटो काढून ठेवा.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्याखाली भाषांतरकारानं "मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे" असं लिहून नाव, पत्ता, सही, तारीख द्यायची. नोटरीची सक्ती नाही. 'इ.' म्हणून पुढचं गाळू नका. शिक्का, शेरा, मागची बाजू, सगळं यायला हवं.

पायरी ४ : आय-१३०

प्रत्येक नातेवाईकाचा वेगळा अर्ज. आई आणि बाबा म्हणजे दोन अर्ज, दोन फी. ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरीपासून कागदी अर्जालाही सहसा चेक चालत नाही, कार्ड किंवा बँक खात्यातून थेट रक्कम द्यावी लागते. मी ऑनलाइनच भरा म्हणेन. पावती लगेच मिळते.

'जवळचे नातेवाईक' या वर्गात आश्रितांना जागा नाही. आई-बाबांसोबत तुमची शाळकरी बहीण येऊ शकत नाही. तिची गाठ एफ४ शीच, किंवा आई-बाबा आल्यावर ते तिच्यासाठी एफ२एमध्ये अर्ज करतील. रांगेतल्या वर्गांत मात्र नवरा-बायको आणि २१ खालची मुलं मुख्य अर्जदारासोबत येतात.

नावं पासपोर्टवर जशी आहेत तशीच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात असेल तर तुम्ही आपल्या मनानं ते मधल्या नावाच्या रकान्यात ढकलू नका. एके ठिकाणी फॉर्म नातेवाईकाचं नाव आणि पत्ता त्याच्या मातृभाषेच्या लिपीत मागतो. तिथं खुशाल देवनागरीत लिहा. साऱ्या प्रक्रियेत अमेरिकन सरकार तुम्हाला अशी संधी फार वेळा देत नाही.

नवरा-बायकोच्या अर्जाला आय-१३०ए जोडायचा आणि लग्न खरं असल्याचे पुरावे. इथं एक आपला घोळ. बरेच जण कागदांसाठी आधी नोंदणी करतात आणि मुहूर्त पाहून सहा महिन्यांनी सप्तपदी. कायद्याच्या लेखी तुम्ही नोंदणीच्या दिवसापासून विवाहित. प्रत्येक फॉर्मवर तीच तारीख, आणि दरम्यान कुठल्याही व्हिसा अर्जावर 'अविवाहित' लिहायचं नाही. ठरवून केलेल्या लग्नाला अधिकारी हरकत घेत नाहीत. त्यांना ते माहीत आहे. कांदेपोहे कुठं झाले, स्थळ कुणी आणलं, कोण कोण होतं, यांची दोघांची उत्तरं जुळली म्हणजे झालं. फोटोत फक्त स्टेजवरचे दोघे नकोत, घरचीही दिसू देत. प्रवासाची तिकिटं, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यात वारस म्हणून नाव हे गुलाबाच्या पाकळ्यांच्या अल्बमपेक्षा वजनदार.

पायरी ५ : अमेरिकेतून की मुंबईतून?

माणूस अमेरिकेत कायदेशीर प्रवेश करून आलेला असेल आणि नंबर खुला असेल, तर आय-४८५ भरून इथंच दर्जा बदलता येतो. नागरिकाच्या जोडीदाराला आणि आई-वडिलांना आय-१३० आणि आय-४८५ एकत्र पाठवता येतात. आय-४८५ ची फी १,४४० डॉलर, सोबत आय-६९३ हा डॉक्टरी तपासणीचा बंद लिफाफा. कामाची परवानगी आणि प्रवासाची परवानगी यांचे अर्ज आणि फी वेगळी. प्रवासाची परवानगी हातात येण्याआधी देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरलं जातं. एच आणि एल व्हिसावाल्यांना यात सवलत आहे. बाकीच्यांनी "आजी अत्यवस्थ आहे" असा फोन आला तरी आधी वकिलाला फोन करायचा. वाईट वाटतं, पण तसंच आहे.

आणि ही वाट सांगताना मला नेहमी धास्ती वाटते. "आई-बाबांना पर्यटक म्हणून आणायचं आणि इथं आल्यावर अर्ज टाकायचा" असा सल्ला सर्रास दिला जातो. विमानतळावर "फिरायला आलोय" सांगताना मनात कायम राहायचा बेत असेल तर ती खोटी माहिती ठरते. आल्यावर खरोखर परिस्थिती बदलली, तर गोष्ट वेगळी. बेत आधीच असेल तर मुंबईतल्या अमेरिकी वकिलातीची वाट धरा.

मुदतीहून जास्त राहिलेल्यांना, प्रवेश कायदेशीर असेल तर, 'जवळच्या नातेवाईकां'च्या वर्गात इथंच अर्ज करायची सूट आहे. रांगेतल्या वर्गांत ती सहसा नाही. आणि बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला असताना देश सोडला तर तीन वर्षांची, एक वर्ष किंवा जास्त झाला असताना सोडला तर दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते. यातलं काही तुमच्या घरी असेल तर इथून पुढे हा लेख वाचू नका, वकील गाठा. वकील म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्याच्या बारचा परवाना असलेला माणूस, किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधी. आपल्याकडचे 'कन्सल्टंट' आणि 'आत ओळख आहे' म्हणणारे एजंट यांत मोडत नाहीत, कितीही मराठी बोलले तरी.

पायरी ६ : मुंबईची वाट

आय-१३० मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथं दर माणशी ३२५ डॉलर व्हिसाची फी आणि १२० डॉलर हमीपत्र तपासण्याची फी भरून डीएस-२६० हा फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद स्कॅन करून चढवायचे. एनव्हीसीच्या पत्रांना वर्षभर दाद दिली नाही तर प्रकरण बंद होऊ शकतं. बाबांचा जुना ईमेल दिलात आणि त्याचा पासवर्ड भाच्याला ठाऊक, असं करू नका, तुमचाच द्या.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. यात तुम्ही लिहून देता की येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही. तुमचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या मार्गदर्शक आकड्याच्या १२५ टक्के हवं. २०२५ मध्ये चार माणसांच्या कुटुंबाला हा आकडा साधारण ४०,१८७ डॉलर होता. तुम्ही, बायको आणि आई-बाबा मिळून चार. कमी पडलं तर सहहमीदार घेता येतो, पण तुमचा आय-८६४ तरीही लागतोच. मालमत्ताही दाखवता येते. हे कोर्टात बजावता येणारं बंधन आहे, आणि घटस्फोटानं ते संपत नाही. मित्रासाठी सहहमीदार व्हायला कुणी सांगितलं तर कुकर लावण्याआधी हे वाक्य परत वाचा.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचं. बाबांनी नोकरीसाठी दुबईत किंवा मस्कतमध्ये १६ वर्षांच्या वयानंतर वर्षभर काढलं असेल तर तिथलंही लागतं, आणि ते मिळवायला वेळ जातो, आधी हलवा. वैद्यकीय तपासणी वकिलातीनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही, पण लसींच्या जुन्या नोंदी असतील तर घेऊन जा.

भारतातल्या बहुतेक सगळ्या कौटुंबिक ग्रीन कार्ड मुलाखती मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. नागपूरकरांनी आदल्या दिवशीच यावं. कुर्ल्याच्या ट्रॅफिकवर भरवसा नको. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून बाहेर एक भाचा उभा ठेवा. चढवलेल्या प्रत्येक कागदाची मूळ प्रत सोबत. इंग्रजीचा आग्रह नसतो, मराठीत किंवा हिंदीत उत्तर देता येतं, आणि आई-बाबांना मराठीतच बोलू द्या. पाठ केलेल्या इंग्रजीत बाबा "माय सन इज व्हेरी गुड बॉय" म्हणत बसतात आणि विचारलेलं राहून जातं. विचारतात साधंच: मुलगा काय करतो, किती भावंडं, आधी कधी गेला होतात, किती दिवस राहिलात. हाती २२१(जी)चा, म्हणजे व्हिसा तूर्त अडकल्याचा, कागद पडला तर घाबरू नका. बहुतेकदा एखादा दाखला कमी असतो. तो दिला की पुढे सरकतं.

पायरी ७ : उतरल्यावर

व्हिसा साधारण सहा महिन्यांपुरताच असतो, त्यात प्रवेश करावा लागतो. निघण्याआधी यूएससीआयएसची २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, नाहीतर कार्ड येतच नाही. प्रवेशाचा शिक्का बसला की तो व्हिसाच एक वर्षभर ग्रीन कार्डचं काम करतो, तेव्हा कार्डाला उशीर झाला म्हणून आईनं रोज टपालपेटी उघडायची गरज नाही. ती उघडणारच.

घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ भरून नवा पत्ता कळवायचा, आणि हे प्रत्येकानं आपापल्या नावानं.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर जोडीदाराला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा. याची आठवण करून द्यायला कुणी पत्र पाठवेलच असं नाही. कार्ड हातात पडेल त्याच दिवशी त्यावरच्या मुदतीतून ९० दिवस वजा करा आणि ती तारीख दोघांच्याही फोनमध्ये आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.